लोखंड बिघडवण्याचा हक्क



आमच्या वस्तीत एका घराच्या पडवीत साडेचार फुटी जुना लेथ बसवलेला आहे. घर आमच्यातल्याच एका काकांचे. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या कारखान्यांत टर्नर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून भंगार बाजारातले हे यंत्र उचलले ते निव्वळ हौसेसाठी. ऑर्डर नाही, चलन नाही, बिल नाही. रविवारी सकाळी वस्तीतली सात-आठ मुलेमुली तिथे जमतात आणि आमच्यातले दोघे-तिघे त्यांच्यासोबत उभे राहतात.

मागच्या बैठकीत आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने यावर हरकत घेतली. तो म्हणाला, "बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली ढोरं ओढायचं सोडायला लावलं, आणि तुम्ही पोरांचे हात परत काळे करताय. पुस्तकं द्या त्यांना. लोखंड त्यांच्या बापांनी पुष्कळ उचललंय." बैठकीत टाळ्या पडल्या. आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. हरकत घेणारा मनुवादी नाही, आपलाच आहे आणि त्याच्या रागाला कारण आहे. म्हणून सविस्तर उत्तर इथे देत आहोत.

आधी त्या पडवीत काय चालते ते सांगू, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी तिथे आलेले नाही.

यंत्र आले तेव्हा त्यावर थ्री-फेज मोटर होती. घरात सिंगल फेज. काकांनी मोटर बदलून एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज बसवली. मग दोन रविवार फक्त बेडची लेव्हल काढण्यात गेले. पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सारायच्या, स्पिरिट लेव्हल ठेवायची, पुन्हा सारायच्या. मुले कंटाळली. काकांनी एक गज चकात धरला, हलका कट मारला आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावून दाखवला. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. "पाय नीट टेकले नाहीत की बेडला पीळ बसतो, आणि पीळ जॉबमध्ये उतरतो," ते म्हणाले. त्यानंतर कोणी कंटाळले नाही.

पहिल्या दिवशी मुलांना मशीन चालू करू दिले नाही. फक्त चकची चावी दाखवली. चावी चकात राहिली आणि मोटर चालू केली तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून नियम असा की चावी हातात असेपर्यंतच चकात, हात सुटला की चावी खुंटीवर. हातमोजे घालायचे नाहीत. फिरत्या जॉबने मोजा पकडला की बोटही जाते. ओढणी, गळ्यातला दोरा, सुटे केस बाहेर ठेवून यायचे. लोखंडाचा कीस हाताने ओढायचा नाही, आकड्याने ओढायचा. चष्मा लावल्याशिवाय जवळ यायचे नाही. हे नियम काकांना कोणा पुस्तकाने शिकवलेले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताचे एक बोट अर्धे आहे.

मग फेसिंग. पंचवीस मिलिमीटरचा एमएसचा गज. वेग किती ठेवायचा? हायस्पीड स्टीलच्या टूलला मऊ पोलादासाठी मिनिटाला साधारण तीस मीटर. व्यासाला पायने गुणा आणि भागा, फेरे येतात तीनशे ऐंशीच्या आसपास. पट्टा त्याच्या जवळच्या पुलीवर टाकायचा. बारावीला गणितात नापास झालेला एक मुलगा हे मोबाइलवर काढून म्हणाला, "पाय ह्यासाठी असतो होय!" टूलचे टोक बरोबर मध्याच्या उंचीवर नसेल तर फेसिंग झाल्यावर मधोमध एक फोड राहते. टूलखाली हॅकसॉच्या जुन्या पात्याचे तुकडे घालून ती उंची साधायची. ही फोड सगळ्यांची राहिली. पुस्तकात वाचूनही राहिली.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. एका मुलीला साडेवीसचा गज वीसवर आणायचा होता. अर्धा मिलिमीटर काढायचा. तिने क्रॉस स्लाइडचा डायल अर्धा मिलिमीटर फिरवला आणि कट मारला. मोजले तर साडेएकोणीस. लेथवर नवखा प्रत्येक माणूस ही चूक करतो. टूल अर्धा मिलिमीटर आत गेले की त्रिज्या अर्ध्याने कमी होते आणि व्यास एकाने. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलीला त्रिज्या आणि व्यास माहीत नव्हते असे नाही. डोक्याला माहीत होते, हाताला नव्हते. पण तिचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, "काका, जॉब रिजेक्ट झाला. किती पैसे कापाल?"

आम्ही गप्प झालो. तिचा भाऊ एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. जॉब बिघडला की त्याच्या हजेरीतून पैसे कापतात, हे तिने घरात ऐकलेले. यंत्रावर चूक झाली की पैसे कापले जातात एवढेच यंत्राबद्दलचे ज्ञान तिच्या घरात आले होते. काका म्हणाले, "कापायला मी काय शेठ आहे का पोरी? लोखंड आपलं आहे. दुसरा तुकडा घे."

आमच्या सहकाऱ्याला आमचे उत्तर या एका वाक्यात आहे. बाकीचे फक्त त्याचे स्पष्टीकरण.

छंद म्हणजे काय? स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या लोखंडावर, कोणाला हिशेब न देता चुका करण्याची मोकळीक. बंगल्याच्या गॅरेजमध्ये बाहेरून मागवलेला छोटा लेथ ठेवणाऱ्या साहेबाच्या मुलाला ती जन्मतः मिळते. तो दहा जॉब बिघडवतो, अकरावा साधतो आणि त्याचा व्हिडिओ टाकतो. त्याला लोक मेकर म्हणतात, इनोव्हेटर म्हणतात. त्याचेच काम आपला मुलगा आठ तास करतो तेव्हा तो लेबर असतो. दोघांच्याही हाताला तेच तेल लागते, पण एकाचा हात हौसेने काळा झालेला असतो आणि दुसऱ्याचा जन्माने, असे ही व्यवस्था धरून चालते.

आमच्यातल्या एका तरुणाचे उदाहरण देतो. दोन वर्षांचा टर्नर ट्रेड आयटीआयमधून पूर्ण केला, सर्टिफिकेट आहे. आयटीआयमध्ये एका लेथमागे इतकी मुले की पाळी यायची तेव्हा तास संपत आलेला असायचा. पुढे एका लहान वर्कशॉपमध्ये लागला. दीड वर्ष कीस झाडला, गज उचलून दिले, चहा आणला. मशीनवर शेठच्या गावचे, शेठच्या नात्यातले लोक. त्याला तिथे कोणी जातीवरून बोलले नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र बसत. त्याला फक्त मशीन दिले नाही. याची फिर्याद कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या कलमाखाली करायची?

हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार इतर खात्यांत चालत, पण साचा खात्यात त्यांना मज्जाव होता. विणकामाला पगार जास्त. कारण काय सांगायचे, तर धागा तुटला की धोट्यातून तो तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि त्याच धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागते. विटाळ! १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू बाबासाहेबांनी सांगितले, ते आपण सगळे भाषणात वापरतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपबद्दल जे सांगितले ते कोणी वापरत नाही. आपला माणूस तिथे मिस्तरी होताना क्वचितच दिसतो, कुली म्हणून लागतो आणि कुलीच राहतो, हे त्यांचे म्हणणे होते. आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी उच्च शिक्षणासोबत तांत्रिक शिक्षणाची मागणी केली. त्यात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, हे स्पष्ट होते. ज्यांना वाटते की बाबासाहेबांनी फक्त पुस्तकच हातात दिले, त्यांनी हे निवेदन पुन्हा वाचावे.

आता "घाणेरडी कामे सोडा" या मुद्द्याकडे. आमच्या सहकाऱ्याची इथे गल्लत होते. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती जन्माने लादलेली कामे. हाताने करायची सगळी कामे नव्हेत. गावगाड्यात लोहाराला भाता होता, सुताराला वाकस होता. महाराच्या वाट्याला कोणते अवजार आले? काठी. वेसकराची काठी, निरोप, सरहद्द, मेलेले ढोर. अवजार नसलेले, कसब नसलेले, चोवीस तासांचे वेठीचे वतन. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले ते यासाठीच. मग लेथवर उभे राहणे हे 'परत जाणे' कसे होईल? जे कधी हातात येऊच दिले नाही तिकडे परत कोण कसे जाणार? लेथ कोणाच्या बलुत्यात नव्हता. कोणत्याही स्मृतीने तो कोणाच्या जन्माला बांधलेला नाही.

आणि म्हणूनच श्रमप्रतिष्ठेची गाणी गाणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. १७ सप्टेंबर २०२३ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. तेरा हजार कोटींची तरतूद, अठरा धंदे. सरकारचीच भाषा आहे की गुरु-शिष्य परंपरेने आणि कुटुंबात चालत आलेली कौशल्ये बळकट करायची. यादी काढून पाहा. चांभार, न्हावी, धोबी, कुंभार, लोहार, टोपल्या आणि झाडू करणारे. सर्वात त्यांना पंधरा हजारांपर्यंतचे अवजारांचे सहाय्य. कारागिराला कर्ज मिळाले तर आमचा विरोध नाही, त्याने जरूर घ्यावे. पण त्या अठरा धंद्यांत टर्नर नाही, मशिनिस्ट नाही, इलेक्ट्रिशियन नाही. म्हणजे बापाने जे केले तेच मुलाने थोड्या बऱ्या अवजाराने करावे, आणि त्याला सन्मान म्हणावे. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये ज्या गोष्टीवर घाव घातला, म्हणजे जातीने कामच वाटले नाही तर काम करणारी माणसेच उतरंडीत वाटून टाकली, त्या उतरंडीला व्याजाच्या सवलतीत रंग देण्याचा हा प्रकार आहे.

लेथचा इतिहास बरोबर याच्या उलट्या दिशेने जातो. हातात धरलेल्या टूलने आटे पाडायचे म्हणजे वर्षानुवर्षे कमावलेला हात लागे, आणि तो हात गुरूकडून, बापाकडून यायचा. हेन्री मॉडस्ले हा इंग्लंडातल्या वूलविचच्या शस्त्रागारात बाराव्या वर्षी काडतुसात दारू भरायला लागलेला कामगाराचा पोरगा. पुढे मालकाने पगारवाढ नाकारली म्हणून १७९७ मध्ये त्याने स्वतःचे वर्कशॉप काढले. १८०० च्या आसपास त्याने जो लेथ बनवला त्यात टूल घट्ट पकडणारी स्लाइड, अचूक लीड स्क्रू आणि बदलता येणारे गिअर एकत्र आले. असे प्रयत्न त्याच्या आधीही झाले होते, पण त्याचा लेथ पुढच्या सगळ्या लेथांचा बाप ठरला. अचूकता हातातून निघून यंत्रात गेली. आता वडिलांच्या हाताची गरज उरली नाही. गिअर बरोबर लावा, अर्धा नट योग्य वेळी पाडा, आटा पडतो. कोणाच्याही हाताने पडतो. आमच्या पडवीत साडेएकोणीसवाल्या त्या मुलीने चौथ्या रविवारी एम-सोळाचा आटा पाडला, त्यावर बाजारचा नट फिरला, आणि तो नट ती दिवसभर हातात घेऊन फिरत होती.

युरोपात लेथ हा राजांचाही छंद होता. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः लेथवर काम करायचा, त्याचे लेथ आजही सेंट पीटर्सबर्गमध्ये जपलेले आहेत. इंग्लंडात घरगुती वर्कशॉपवाल्यांसाठी 'मॉडेल इंजिनियर' हे नियतकालिक १८९८ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या घरामागच्या शेडमध्ये मायफर्डचा एमएल-७ हा छोटा लेथ आला आणि त्यावर हौशी माणसांनी वाफेची लहान इंजिने बनवली. तिथे वर्गभेद नव्हता असे कोणी समजू नये, भरपूर होता. पण लोखंडाला हात लावला म्हणून राजा बाटला नाही. आपल्या देशात शतकानुशतके ज्याने ग्रंथ लिहिला त्याने हत्यार धरले नाही आणि ज्याने हत्यार धरले त्याला अक्षर मिळू दिले नाही. डोके आणि हात अशा दोन वेगळ्या जाती केल्या. म्हणून इथे हत्यार शतकानुशतके सुधारले नाही. फुकटात राबणारी माणसे असताना यंत्र कोण शोधतो?

बाबासाहेबांना हे दिसत होते. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. चरख्याच्या रामराज्यात बहुजनांनी पशूसारखे राबायचे आणि संस्कृती मूठभरांनी भोगायची. माणसाला माणूस व्हायचे तर फुरसत हवी आणि फुरसत यंत्रानेच मिळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. फुरसत! आपल्या चळवळीत हा शब्द जवळजवळ नाहीच. आपण हक्क मागतो, आरक्षण मागतो, न्याय मागतो, आणि ते मागितलेच पाहिजे. पण आपल्या पोरांसाठी फुरसत कोणी मागितली? उतारवयात व्हायोलिन शिकायला बसलेले बाबासाहेब कोणत्या परीक्षेची तयारी करत होते?

आमच्या अभ्यासिकेत आज तिशीतले तरुण स्पर्धा परीक्षेची तीच पुस्तके सहाव्या वेळी वाचत बसलेले आहेत. त्यांची चेष्टा आम्ही करणार नाही, आमच्यातले काही त्यातूनच गेलेले आहेत. पण 'शिका' या शब्दाचा अर्थ आपण एका खुर्चीपुरता करून ठेवला, हे मान्य करायला हवे. आणि जयंतीच्या वर्गणीचा हिशेब निघालाच आहे तर सांगतो. आमच्या वस्तीने दोन वर्षांत डीजेवर जे उडवले त्यात असा जुना लेथ, ग्राइंडर आणि मापन साहित्य घेऊन वर चार पैसे उरले असते. डीजेच्या भिंतीपुढे नाचणारा आमचाच पोरगा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेडमध्ये कीस झाडायला जातो.

काही जण म्हणतील, सीएनसीच्या जमान्यात हे जुने धूड कशाला. सीएनसी लेथवर प्रोग्राम बहुधा व्यासातच लिहितात. त्रिज्येचा हिशेब यंत्र स्वतः करते. छान. पण तो हिशेब आहे हे ज्याला माहीत नाही, तो बटण दाबणारा राहतो. प्रोग्राम लिहिणारा वेगळा असतो, आणि त्याचे आडनाव कोणते असते ते भोसरीत, सातपूरमध्ये, वाळूजमध्ये जाऊन पाहावे.

आणि एक गैरसमज आमचाही होऊ नये. पडवीतल्या लेथने जात मरत नाही. मायक्रोमीटर आडनाव विचारत नाही हे खरे, पण मायक्रोमीटर ज्या शेडमध्ये असतो तिचा मालक विचारतो. भूखंड कोणाला मिळतो, बँक कोणाला उभे करते, ऑर्डर कोणाच्या ओळखीने येते, या लढाया बाहेर आहेत आणि त्या लढाव्याच लागतील. त्यातल्या एकाही लढाईतून सुटका म्हणून आम्ही लेथकडे पाहत नाही. पण त्या लढाया लढायला जाणारा मुलगा एक जॉब स्वतः करून, बिघडवून, पुन्हा करून गेलेला असला तर समोरच्या शेठला तो वेगळ्या आवाजात उत्तर देतो. हे आम्ही पाहिले आहे. वर ज्या तरुणाचे सांगितले त्याने आमच्या पडवीत सहा महिने हात बसवला आणि नव्या ठिकाणी मुलाखतीला गेल्यावर म्हणाला, "ट्रायल जॉब द्या, मग बोला." तिथे तो आज मशीनवर आहे.

जाता जाता दसऱ्याचे. खंडेनवमीला शेडमधल्या मशीनला हार, हळदकुंकू, लिंबू. त्या दिवसांत आपण दीक्षाभूमीच्या वाटेवर असतो. परत आल्यावर एका मुलाने विचारले, आपल्या लेथचे काय? काकांनी तेलाची कुपी त्याच्या हातात दिली आणि बेडवे पुसून तेल लावायला सांगितले. फिरत्या चकाजवळ हार ठेवणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या सहकाऱ्याला निमंत्रण आहे. येताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू नये, अंगठी काढून ठेवावी. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी पैसे देऊ नयेत. आमच्याकडे थ्री-जॉ चक आहे, फोर-जॉ नाही, त्यामुळे चौकोनी जॉब धरता येत नाही. कोणाच्या बंद पडलेल्या शेडमध्ये सहा इंची जुने फोर-जॉ चक पडले असेल तर कळवावे. जबडे झिजलेले असले तरी चालेल, घासून घेऊ. एमएसच्या गजाचे उरलेले तुकडेही हवे आहेत, वीस मिलिमीटरच्या वरचे, कितीही. बिघडवायला.